९६ए वरचा दगड आणि बाबांचा प्रश्न

पावशेर | रविवार, रात्री ११:०५

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय, लांबलाय, चहा घेऊन बसा.

आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेत. आणि न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला आई-बाबा आले की नायगरा काही चुकत नाही, एडिसनहून निघायचं, वॉटकिन्स ग्लेनला धबधबे बघायचे, बफेलोला मुक्काम, दुसऱ्या दिवशी निळे रेनकोट घालून बोटीत. सासू-सासरे धरून हा आमचा चौथा नायगरा. या वेळी वॉटकिन्स ग्लेनहून मुद्दाम सेनेका लेकच्या पूर्वेकडून गेलो, आधी ४१४ आणि मग ९६ए या रस्त्याने, कारण बायकोने कुठेतरी वाचलं होतं की तिथल्या जुन्या आर्मी डेपोच्या कुंपणाआड पांढरी हरणं दिसतात. हरणं दिसली नाहीत. दगड दिसला.

रस्त्याच्या कडेला मोठा दगड, त्यावर ब्राँझची पाटी, हिरवट पडलेली. थर्मासमधला चहा प्यायला कुठेतरी थांबायचंच होतं म्हणून थांबलो, आईने बॉनेटवर दशम्यांचा डबा उघडला आणि बाबा सरळ त्या पाटीकडे. चष्मा कपाळावर सारून नाक पार पाटीला लावलं. पाटीवर उठावाचा नकाशा आहे, नद्या, तळी आणि त्यातून सैन्याची वाट. बाबा त्या वाटेवरून बोट फिरवत होते, खालून वर, एकदम सावकाश.

बाबा भूमि अभिलेखमध्ये होते. सातारा जिल्ह्यात भूकरमापक म्हणून लागले आणि निमतानदार होऊन निवृत्त झाले. त्यामुळे नकाशा दिसला की यांना जेवण सुचत नाही.

म्हणाले, वाच काय लिहिलंय. मी वाचलं आणि मराठीत सांगितलं. जनरल जॉन सलिव्हन आणि जनरल जेम्स क्लिंटन यांच्या सैन्यांचे मार्ग, १७७९. शत्रू इंडियन राष्ट्रांविरुद्धची मोहीम, जिने न्यूयॉर्क आणि पेनसिल्वेनियाच्या सीमेवरच्या इंग्रज-इंडियनांच्या आक्रमणांना आळा घातला आणि अमेरिकेचा अंमल पश्चिमेकडे वाढवला. खाली, न्यूयॉर्क राज्याने उभारला, १९२९.

बाबा म्हणाले, शेवटचं परत वाच.

वाचलं. "अंमल पश्चिमेकडे वाढवला."

"हां. म्हणजे हद्द वाढली. मग मोजणी कधी झाली?"

मी हसलो. पण रात्री मोटेलवर सगळे झोपल्यावर दोन वाजेपर्यंत फोनवर वाचत बसलो आणि हसू गेलं. जेवढं कळलं ते लिहितो, चुकलं तर जाणकारांनी कान धरावा.

अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू होतं. १७७८ साली जुलैत पेनसिल्वेनियातल्या वायोमिंग खोऱ्यात आणि नोव्हेंबरात न्यूयॉर्कच्या चेरी व्हॅलीत इंग्रजांच्या बाजूच्या लोकांनी आणि इरोक्वॉय (इथल्या मूळ रहिवाशांच्या) योद्ध्यांनी हल्ले केले, चेरी व्हॅलीत तर बायकापोरंसुद्धा मारली गेली. म्हणून अमेरिकन सरसेनापती वॉशिंग्टनने पुढच्या वर्षी सलिव्हनला पाठवलं. ३१ मे १७७९ चं त्याचं लेखी हुकूमपत्र आहे, त्यात गोलगोल भाषा नाही, वस्त्यांचा पूर्ण विध्वंस करा, मिळतील तेवढी माणसं कैद करा, बाई पोर म्हातारं बघू नका, प्रदेश नुसता तुडवायचा नाही, उद्ध्वस्त करायचा. सलिव्हन ईस्टनहून निघाला (हो, आपण कॉस्टकोला जाताना लागतं तेच ईस्टन), वायोमिंगला महिनाभर रसदीची वाट बघत बसला आणि मग सस्केहॅना नदीच्या काठाने वर. टायोगाला क्लिंटनची फौज येऊन मिळाली, सगळे मिळून चार हजारांच्या वर. एकच मोठी लढाई झाली, २९ ऑगस्टला न्यूटाउन इथे, आजच्या एल्मायराजवळ. त्यानंतर लढायला समोर फारसं कुणी नव्हतंच. नुसतं जाळत जायचं. सलिव्हनच्याच अहवालात चाळीस गावं आणि १,६०,००० बुशेल मका आहे. दाणे धरले तर बुशेलला साधारण २५ किलो, म्हणजे ४०,००० क्विंटल धान्य. शिवाय पीच, सफरचंदाच्या बागा तोडल्या त्या वेगळ्याच.

आम्ही ज्या दगडापाशी दशम्या खाल्ल्या ना, तिथे केंडाया नावाचं गाव होतं. सफरचंदाच्या झाडांमुळे सैनिक त्याला ॲपलटाउन म्हणायचे. ५ सप्टेंबरला सैन्य पोचलं, लोक आधीच निघून गेले होते. गाव जाळलं, झाडं तोडली.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. मोजणी कधी झाली, तर मोहीम चालू असतानाच! सैन्याबरोबर बेंजामिन लॉज नावाचा मोजणीदार होता, तो ईस्टनपासून सगळी वाट साखळीने मोजत चाललेला. सैन्य पुढे आणि मागून हा, होकायंत्र आणि साखळी धरणारे चेनमन घेऊन. १३ सप्टेंबरला कनीसस तळ्याजवळ याच्याच टोळीवर हल्ला झाला, एक कॉर्पोरल गेला, आणि लॉजसाहेब होकायंत्राचा दांडा तिथेच रोवलेला टाकून पळाले.

सकाळी नाश्त्याला बाबांना हे सांगितलं. चमचा खाली ठेवून म्हणाले, "दांडा टाकून पळाला? साखळी आणली ना परत?"

---

झणझणीत | रविवार, रात्री ११:३१

पयला! लेख मस्त. बाबांना दंडवत. सावकाश वाचून परत येतो.

---

रॉचेस्टरकर | सोमवार, सकाळी ७:१२

आमच्या अंगणातला विषय काढलात. एकवीस वर्षं झाली इथे. असे १९२९ चे दगड या सगळ्या पट्ट्यात विखुरलेत, दीडशेव्या वर्षाच्या निमित्ताने बसवले, मजकूर सगळीकडे जवळजवळ तोच. ते वेगळे आणि निळ्या रंगावर पिवळी अक्षरं असलेल्या लोखंडी पाट्या वेगळ्या, त्या राज्याच्या शिक्षण खात्याने १९२६ नंतर लावल्या, इतक्या आहेत की मुलं गाडीत मोजायचा खेळ खेळतात.

एक दुरुस्ती सुचवतो, राग नसावा. तुम्ही इंग्रजांच्या बाजूचे सरसकट "इरोक्वॉय" म्हणालात. ते स्वतःला होडनोशोनी म्हणतात आणि सहा राष्ट्रं आहेत, मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायूगा, सेनेका, टस्करोरा. यातले ओनायडा आणि टस्करोरा बहुतेक अमेरिकनांच्या बाजूने होते. सलिव्हनचा वाटाड्या हॅनयोस्ट ओनायडाच होता आणि तोही १३ सप्टेंबरलाच मारला गेला, लेफ्टनंट बॉयडच्या टोळीबरोबर. म्हणजे घराघरात भांडण लागलं होतं. शतकानुशतकांचा संघ, या युद्धात दुभंगला. पाटीवर मात्र एकच शब्द, "शत्रू राष्ट्रं".

---

पावशेर | सोमवार, सकाळी ८:४०

राग कसला, म्हणूनच धागा काढला. बॉयडचं काय झालं हो? एका ठिकाणी वाचलं आणि पुढे वाचवेना.

---

रॉचेस्टरकर | सोमवार, सकाळी ९:०३

नका वाचू. बॉयड आणि त्याचा सार्जंट पार्कर दोघे शत्रूला जिवंत सापडले आणि हाल हाल करून मारले गेले. कायलरव्हिलला त्यांच्या नावाचा छोटा पार्क आहे, एक ओकचं झाड आहे, त्याला लोक अजून "टॉर्चर ट्री" म्हणतात. आता मला खटकतं ते सांगतो. त्या दोघांसाठी पार्क आहे, झाड आहे, पाट्या आहेत. तिथेच सेनेकांचं सगळ्यात मोठं गाव होतं, १२८ घरं, दुसऱ्या दिवशी सैन्य पोचलं आणि सगळं जाळलं. त्या १२८ घरांसाठी झाड नाही.

---

तर्कतीर्थ | सोमवार, सकाळी १०:२६

लेख चांगला आहे, पण आजचा चष्मा लावून १७७९ बघायचं ही फॅशन झालीये आणि धागा त्याच वळणावर चाललाय. चेरी व्हॅलीत तीसेक नागरिक मारले गेले, बहुतेक बायका आणि मुलं. वायोमिंगला शेकडो माणसं एका दुपारी गेली. वॉशिंग्टनने काय करायला हवं होतं? निषेधाचा ठराव? समोरच्याची रसद तोडणं हा युद्धाचा सगळ्यात जुना नियम आहे. इंग्रजांच्या नायगरा किल्ल्याला धान्य पुरवणारा मुलूख होता तो.

आणि आपण मराठ्यांनी तरी यावर नाक मुरडू नये. त्याच वर्षी, जानेवारी १७७९, इंग्रज मुंबईहून घाट चढून तळेगावला पोचले तर गाव जाळून रिकामं केलेलं. आपल्याच लोकांनी. दाणा नाही, वैरण नाही. मग माघार घेतली आणि वडगावला महादजींनी कोंडले, तह करावा लागला. शाळेत आपण ते शौर्य म्हणून शिकलो.

---

सई_साताऱ्याची | सोमवार, सकाळी ११:१५

तर्कतीर्थ, फरक आहे ना पण. तळेगाव आपण आपलं जाळलं. हे दुसऱ्याचं जाळणं झालं.

---

तर्कतीर्थ | सोमवार, सकाळी ११:४०

मान्य. पण ज्या शेतकऱ्याची गंजी जळली त्याला कुणाच्या पलित्याने जळली याचं फार कौतुक नसावं.

---

घाटाखालचा | सोमवार, दुपारी १२:५८

विषय निघालाच आहे तर बोलतो, नंतर दगड मारा. दुसऱ्याचं जाळलं नाही असं आपण म्हणू शकत नाही. १७४० च्या दशकात नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगालमध्ये जे करून आले त्याचं काय? बंगालीत अजून अंगाईगीतात "बर्गी" येतात, म्हणजे आपले बारगीर. बाळ झोपलं, बर्गी आले, आता खंडणी कुठून द्यायची अशा अर्थाचं काहीतरी. माझ्या बंगाली सहकाऱ्याच्या बायकोने एकदा पॉटलकमध्ये हसत हसत म्हणून दाखवलं आणि वर म्हणाली, तुम्हीच ते. मी हातात बटाटेवड्यांचा ट्रे घेऊन उभा. काय बोलणार.

---

पावशेर | सोमवार, दुपारी १:३०

घाटाखालचा, काय योगायोग बघा. मी काल रात्री कॉर्नप्लांटरचं भाषण वाचत होतो, हा सेनेकांचा पुढारी, १७९० मध्ये फिलाडेल्फियात जाऊन खुद्द वॉशिंग्टनला, म्हणजे तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षाला, तोंडावर म्हणाला की तुमचं सैन्य आमच्या मुलखात शिरलं तेव्हा आम्ही तुम्हाला गावं उद्ध्वस्त करणारा म्हणालो, आणि आजही ते नाव ऐकलं की आमच्या बायका मागे वळून बघतात, पांढऱ्या पडतात, पोरं आईच्या गळ्याला मिठी मारतात. हे वाचल्यावर मला तुमचे बर्गीच आठवले होते, पण लिहायचा धीर झाला नाही.

---

रॉचेस्टरकर | सोमवार, दुपारी २:१०

त्या नावाची गंमत अशी की ते १७७९ च्या आधीपासून होतं. वॉशिंग्टनच्या पणजोबांना दिलेलं, आणि १७५३ मध्ये तरुण वॉशिंग्टन ओहायोकडे गेला तेव्हा तिथल्या सेनेका पुढाऱ्याने तेच त्याला चिकटवलं. घराण्याचं नाव म्हणा. २६ वर्षांनी नातवाच्या नातवाने, चुकलो, पणतवाने ते सार्थ केलं.

---

झणझणीत | सोमवार, दुपारी ३:२२

वाचला पूर्ण. आता माझं अवांतर. मी हॉर्सहेड्सला राहतो. कॉर्निंगमध्ये नोकरी. भारतात फोनवर पत्ता सांगितला की समोरचा म्हणतो, काय, घोड्यांची डोकी? होय बाबा, घोड्यांची डोकी. याच सलिव्हनची कृपा. परतीच्या वाटेवर सामानाचे घोडे थकून गेले, पुढे चालेनात, म्हणून इथे गोळ्या घालून मारले. काही वर्षांनी वस्ती करायला लोक आले तर कवट्या पांढऱ्या होऊन पडलेल्या, त्यावरून गावाचं नाव. गावाच्या चिन्हातसुद्धा घोडा आहे. माझ्या मुलीने चौथीत या मोहिमेचं पोस्टर केलं, त्यात घोडे सगळ्यात मोठे काढले, सैनिक छोटे आणि सेनेका कुठेच नाहीत. मी म्हटलं अगं ते लोक कुठायत, तर म्हणाली, ते आधीच गेले ना पळून, मग कसे दाखवू. बरोबरच आहे म्हणा तिचं.

---

नदीकाठी | सोमवार, संध्याकाळी ५:४७

क्लिंटनच्या फौजेबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते, सगळ्यात भारी भाग तोच आहे. जेम्स क्लिंटन कनाजोहारीहून ओत्सेगो तळ्यावर आला, म्हणजे आजचं कूपर्सटाउन, जिथे बेसबॉलवाले जातात. त्याच्याकडे दोनशेच्या वर होड्या आणि तळ्यातून निघणारी सस्केहॅना तिथे आपल्या ओढ्याएवढी, उन्हाळ्यात तर गुडघाभर पाणी. मग पठ्ठ्याने तळ्याच्या तोंडावर बांध घातला. कित्येक आठवडे पाणी साठवलं, तळं दोन-तीन फूट चढलं, आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात बांध फोडला आणि त्या लोंढ्यावर सगळ्या होड्या सोडून दिल्या. पाऊस नाही काही नाही आणि कोरड्या दिवसांत नदीला पूर. खालच्या गावांतल्या लोकांना काय वाटलं असेल.

आम्ही मागच्या वर्षी गेलो होतो, जिथून नदी निघते तिथे उभं राहिलं की पलीकडच्या काठावरचा माणूस सहज बोलण्याच्या अंतरावर. नवऱ्याने चप्पल काढून पाय टाकला, बर्फासारखं पाणी. हीच नदी पुढे मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराला मिळते तेव्हा मैलभर रुंद होते, विश्वास बसत नाही.

हा जेम्स म्हणजे तेव्हाचा गव्हर्नर जॉर्ज क्लिंटनचा सख्खा भाऊ, आणि ज्याने पुढे एरी कालवा काढला त्या डेविट क्लिंटनचा बाप. पाणी अडवणं, सोडणं रक्तातच असावं.

---

सई_साताऱ्याची | सोमवार, संध्याकाळी ६:३०

नदीकाठी, सुंदर लिहिलंयस गं. पावशेर, बाबांच्या प्रश्नाचं उत्तर अर्धंच दिलंत. वाट मोजली ते कळलं. जमीन कधी मोजली?

---

पावशेर | सोमवार, रात्री १०:५०

सईताई, हाच प्रश्न बाबांनी आज जेवताना विचारला, तुम्ही दोघं सातारकर, ठरवून करताय का? आज ऑफिसला दांडीच मारल्यासारखी झाली, घ्या.

मोजणी दोन तुकड्यांत झाली. पूर्वेकडचा तुकडा, म्हणजे आमचा दगड आहे तो, न्यूयॉर्क राज्याने युद्धातल्या सैनिकांना बक्षीस म्हणून द्यायला ठेवला. मिलिटरी ट्रॅक्ट. २८ टाउनशिप, प्रत्येकात साधारण १०० प्लॉट, एक प्लॉट ६०० एकर. बाबांनी लगेच तोंडी हिशोब केला, २४,००० गुंठे, एका शिपायाला! सायमियन डेविट हा तिथला सर्व्हेयर जनरल, त्याच्या ऑफिसात टाउनशिपना नावं पडली ती बहुतेक ग्रीक-रोमन, ओव्हिड, रोम्युलस, होमर, युलिसिस. म्हणजे केंडायाची राख, तिच्यावर रोम्युलस. बऱ्याच शिपायांनी जमीन डोळ्यांनी न बघताच दलालांना विकून टाकली, हे ऐकून बाबा म्हणाले, यात नवीन काय.

पश्चिमेकडचा तुकडा आणखी भारी. त्यावर मॅसॅच्युसेट्स आणि न्यूयॉर्क दोघांचा दावा, १७८६ मध्ये हार्टफर्डला समझोता झाला, अंमल न्यूयॉर्कचा पण खरेदीचा पहिला हक्क मॅसॅच्युसेट्सचा. त्यासाठी पेनसिल्वेनियाच्या हद्दीवरच्या ८२ व्या मैलाच्या दगडापासून सरळ उत्तरेला रेघ मारायची ठरली. १७८८ मध्ये फेल्प्स आणि गोरहम या दोघांनी तो हक्क घेतला, सेनेकांशी सौदा केला आणि रेघ मारायला घेतली. आणि रेघ वाकडी गेली! उत्तरेला जाताना पश्चिमेकडे सरकत गेली, इतकी की जिनिव्हा गाव रेघेच्या पलीकडे पडलं. १७९२ मध्ये परत मोजणी झाली, नवी रेघ पूर्वेला सरकली, मधला पाचराच्या आकाराचा तुकडा "गोर" म्हणून ओळखला जातो. जिनिव्हात आजही प्री-एम्प्शन रोड आहे, आम्ही परवा त्याच्या जवळूनच गेलो, मला काय माहीत.

बाबा इतके खूष की आईला झोपेतून उठवून सांगितलं. फेरमोजणीत क्षेत्र वाढलं, म्हणजे मूळ मोजणीदार एकतर दारू प्यायलेला किंवा पैसे खाल्लेला, तिसरं कारण नसतं म्हणाले. हे त्यांचं मत, माझं नाही.

---

तर्कतीर्थ | सोमवार, रात्री ११:२५

माहितीबद्दल आभार, हा भाग खरंच माहीत नव्हता. पण बघा, मोजणी १७८८ नंतरची. मोहीम १७७९ ची. नंतर जमीन वाटली म्हणून मोहीमच जमिनीसाठी होती हे सिद्ध होत नाही. हुकूमपत्रात सीमेचं संरक्षण आहे. जमीन १९२९ च्या पाटीने घातली.

---

पावशेर | सोमवार, रात्री ११:५८

मुद्दा बरोबर आहे. पण सैनिकांच्या डायऱ्या आहेत, ढीगभर, १८८७ मध्ये न्यूयॉर्क राज्यानेच एकत्र छापल्या. त्यात जाळपोळीच्या बरोबरीने काय असतं माहितीये? माती. इथली माती काळी, गवत उंच, मका असा की माणूस घोड्यावर बसून दिसत नाही. न्यू हॅम्पशायरच्या दगडाधोंड्यांत नांगरलेली पोरं ही, एका हाताने मका तोडतायत आणि मनातल्या मनात प्लॉट बघतायत. आणि वॉशिंग्टनने स्वतः युद्ध संपल्या संपल्या गव्हर्नर क्लिंटनबरोबर भागीदारीत मोहॉक खोऱ्यात सहा हजारेक एकर घेतले. हा पट्टा नव्हे, शेजारचा. पण ज्याला जमीन कळते त्याला कळते. पाटीवाल्यांनी १९२९ मध्ये जे लिहिलं ते मला उलट प्रामाणिक वाटतं. आज लिहिली असती तर ती ओळच गाळली असती.

---

लेकुरवाळी | मंगळवार, सकाळी ९:१८

मोहिमेने साध्य काय झालं पण? १७८० मध्ये सीमेवर हल्ले परत सुरू झालेच ना, उलट जास्त. ज्याचं घर गेलं तो शांत बसेल का.

मला यात सगळ्यात जवळची वाटते ती मेरी जेमिसन. लेचवर्थ पार्कला आपण सगळे फॉल कलर्स बघायला जातो, तिथे तिचा पुतळा आहे, पाठीवर बाळ बांधलेलं. गोऱ्या आईबापांची मुलगी, लहानपणी पकडून नेली, मग सेनेकांतच वाढली, लग्न, मुलं सगळं तिथलंच, आणि सोडून परत जायला नको म्हणाली. सलिव्हन आला तेव्हा ती कायलरव्हिलच्याच गावात होती. परत आली तर तोंडात घालायला काही नाही. मग दोन मुलांना पाठीवर आणि बाकीच्यांना चालवत जेनेसी नदीच्या काठाने गेली, तिथे दोन पळून आलेले काळे गुलाम मका लावून राहिले होते, त्यांच्याकडे मक्याची कणसं सोलायच्या कामाला राहिली आणि त्या मजुरीच्या मक्यावर हिवाळा काढला. म्हातारपणी तिने सांगून लिहून घेतलंय हे सगळं. मी पुतळ्यापाशी सेल्फी काढली होती तेव्हा यातलं काही माहीत नव्हतं.

---

रॉचेस्टरकर | मंगळवार, सकाळी १०:०५

तो हिवाळा अतिशय वाईट होता, न्यूयॉर्कचं बंदर गोठलं होतं, त्यावरून गाड्या ओढल्या.

मक्यावरून आठवलं. व्हिक्टरला गॅनोंडागन आहे, सेनेकांचं जुनं नगर, ते सलिव्हनने नाही, त्याच्याही आधी १६८७ मध्ये फ्रेंचांनी जाळलं. आता तिथे झाडाच्या सालीच्या लाँगहाउसची (त्यांच्या लांबट घराची) प्रतिकृती आणि चांगलं म्युझियम आहे. तिथे पांढऱ्या मक्याचा प्रकल्प चालतो, पूर्वीचंच वाण, राखेच्या पाण्यात उकळून साल काढतात. बायकोने पिठाची पिशवी आणून भाकरी थापली. पहिली तुटली. दुसऱ्यांदा पीठ उकळत्या पाण्यात उकडून घेतलं, तांदळाच्या भाकरीसारखं, मग जमली. वास एकदम वेगळा, भाजलेल्या शेंगांसारखा. झुणक्याबरोबर खाल्ली.

आणि ११ नोव्हेंबरला कॅनंडाइग्वाला या कुणीतरी. १७९४ चा तह त्याच तारखेचा, दर वर्षी कोर्टासमोर जमतात. त्या तहात वर्षाला ४,५०० डॉलर द्यायचं ठरलं आणि अमेरिकन सरकार अजून त्यातून कापड पाठवतं. खरंच कापड, ताग्यातलं.

---

घाटाखालचा | मंगळवार, दुपारी १:४४

भाकरीचा फोटो टाका, बाकी सगळं माफ.

जाता जाता. तर्कतीर्थ यांनी वडगाव काढलं म्हणून सांगतो. वडगाव मावळला कॅप्टन स्टुअर्टची समाधी आहे, आपला इष्टुर फाकडा. जानेवारी १७७९ मध्येच कार्ल्याजवळ पडला. शत्रूचा माणूस, पण लढला कसा म्हणून आपणच "फाकडा" पदवी दिली आणि लोक हात जोडतात. सलिव्हनच्या वाटेवर इंग्रजांच्या बाजूने लढलेल्या मोहॉक पुढारी थायेंडेनेगियाची, म्हणजे जोसेफ ब्रँटची अशी समाधी कुणी पुजत असेल असं वाटत नाही.

---

रॉचेस्टरकर | मंगळवार, दुपारी २:२०

त्याचं थडगं कॅनडात आहे, ब्रँटफर्डला. गावाचं नावच त्याचं. युद्धानंतर त्याचे लोक तिकडेच गेले ना, इथे उरलंच काय होतं.

---

पावशेर | बुधवार, रात्री ९:३५

धागा इतका चालेल वाटलं नव्हतं. राहिलेलं एक सांगतो.

धबधबा झाल्यावर दुसऱ्या दिवशी फोर्ट नायगराला गेलो. धबधब्यापासून उत्तरेला अर्धा तास, नदी ऑन्टॅरियो तळ्याला मिळते तिथे. या चार नायगऱ्यांत पहिल्यांदाच गेलो, कारण रात्री वाचलं होतं की सलिव्हनने गावं जाळल्यावर माणसं इथेच आली, इंग्रजांच्या आसऱ्याला. पाच हजारांच्या वर. किल्ल्यात मावणं शक्यच नव्हतं, बाहेर नदीकाठी झोपड्या घालून राहिली, आणि तो तसला हिवाळा. शेकडो मेली, थंडीने, उपासाने, आजाराने.

बाबा तटबंदीची लांबी पावलांनी मोजत लांब गेले. आई माझ्याबरोबर. आईने आमच्या गावात २६ वर्षं अंगणवाडी चालवली, सेविका होती. तिला तोपर्यंत या सगळ्या प्रकरणात अजिबात रस नव्हता, दगडापाशी तर "चहा गार होतोय" एवढंच म्हणाली होती. किल्ल्यातल्या बेकरीत गेलो, जुनी भट्टी आहे, विटांची. आईने वाकून आत बघितलं, हात घालून खोली बघितली, मग विचारलं, किती माणसं म्हणालास?

पाच हजार.

"पोरं किती त्यात?"

म्हटलं ते कुठे लिहिलेलं नसणार.

"निम्मी धर," म्हणाली. मग बाहेर येऊन बाकावर बसली आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला लागली. बराच वेळ. बाबा आले, निघू या म्हणाले, पुढे ट्रॅफिक लागेल. आई म्हणाली, थांबा, माझं व्हायचंय.

---

सई_साताऱ्याची | बुधवार, रात्री १०:०२

काय हिशोब निघाला त्यांचा?

---

पावशेर | बुधवार, रात्री १०:१५

सांगितला नाही. गाडीत बसल्यावर उरलेल्या दशम्या मागच्या सीटवर पोरांना वाटल्या, डबा रिकामा केला, आणि झोपली.

---

झणझणीत | बुधवार, रात्री १०:४०

पुढच्या वेळी हॉर्सहेड्सवरून या सगळे, जेवायला घरी. आणि बाबांना सांगा, मागच्या अंगणाची हद्द शेजाऱ्याशी जरा वादात आहे.